फाल्गुनातच वैशाख वणवा: वेळेआधी येणाऱ्या उष्णतेच्या लाटांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी जळाली, थंडी पळाली. पाडव्याला माठ बाहेर निघायचा, वैशाखात अंगाची काहिली व्हायची आणि मृगाच्या सरींवर डोळे लागायचे. आपल्या घरांचं, शेतीचं, शाळांचं, अगदी लग्नांचंही वेळापत्रक या क्रमावर बसलेलं आहे. आता हा क्रमच हलला आहे. १९०१ पासून देशभराच्या तापमानाच्या सलग नोंदी आहेत. २०२२ चा मार्च त्या नोंदींत तोवरचा सगळ्यात तापलेला मार्च ठरला. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, फेब्रुवारीतल्या दिवसाच्या कमाल तापमानाचा विक्रम मोडला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीने महिन्याच्या सरासरी तापमानाचा. त्या महिन्यात देशाचं सरासरी तापमान २२.०४ अंश होतं, एरवी ते २०.७० अंश असतं.

या विषयावर बोलायला उभं राहिलं की तेच तेच प्रश्न येतात, आणि ते रास्त आहेत. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहीत आहे.

फेब्रुवारी-मार्चमधल्या उन्हाला "उष्णतेची लाट" म्हणतात का? हे ठरवतं कोण?

भारतीय हवामान विभाग ठरवतो आणि त्याचे निकष पक्के आहेत. सपाटीवरच्या ठिकाणी कमाल तापमान किमान ४०, किनाऱ्यावर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंशांवर गेलेलं हवं. शिवाय ते त्या दिवसांतल्या नेहमीच्या तापमानापेक्षा ४.५ अंशांनी किंवा जास्त चढलेलं हवं. हा फरक ६.४ अंशांच्या पुढे गेला की लाट तीव्र समजतात. पारा थेट ४५ वर पोचला तर फरक न मोजताही लाटच, आणि ४७ ला तीव्र लाट. एका हवामान उपविभागात निदान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस असं घडलं, तर दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते.

यातली एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हे निकष एप्रिल-मे डोळ्यांसमोर ठेवून केल्यासारखे आहेत. फेब्रुवारीत एखाद्या गावात एरवी ३० अंश असतात आणि पारा ३७ वर गेला, तर माणसं हैराण होतात, पिकं माना टाकतात, पण सपाटीची ४० ची अट पुरी न झाल्याने कागदोपत्री लाट नसते. कोकण-गोव्याची अट ३७ ची आहे, म्हणून २०२५ च्या फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तिथे लाट मोजली गेली. तेव्हा इशारा आला नाही म्हणून काळजीचं कारण नाही, असं वर्षाच्या सुरुवातीला तरी धरून चालू नका.

मे महिन्यात ४२-४३ अंश सोसतोच की आपण. मार्चमधल्या ३८ चं एवढं काय?

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच आहे.

आपलं शरीर ऊन शिकतं. रोज थोडं थोडं ऊन अंगावर घेत गेलं की आठवड्या-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटायला लागतो, जास्त सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं, अंगातल्या रक्तातला पाण्याचा भाग वाढतो आणि हृदयावरचा ताण उतरतो. मेमध्ये चंद्रपूरचा माणूस ४३ अंशांत कामावर जातो, कारण दीड-दोन महिने त्याच्या शरीराची तालीम झालेली असते. फेब्रुवारीच्या शेवटी तालमीला सुरुवातही झालेली नसते. पहाटे गोधडी लागते आणि दुपारी ३८ अंश! कष्टाच्या कामावर उन्हाने दगावणाऱ्यांत कामाच्या पहिल्या काही दिवसांतलेच बरेच असतात, ते याच कारणाने.

शरीराचं आहे तेच बाकी सगळ्याचं. गव्हाची लोंबी भरत असते. आंब्याला मोहोर नाहीतर कणी असते. शाळा पूर्ण वेळ चालू असतात, परीक्षा तोंडावर असतात. कूलर माळ्यावर असतो. गावची पाणपोई लागलेली नसते, आणि दवाखान्यात उष्माघाताची खाट तयार नसते. आकडा मेपेक्षा लहान असला, तरी तो आपल्याला बेसावध गाठतो.

२०२२ च्या मार्चमध्ये नेमकं काय झालं होतं?

त्या वर्षी गुढीपाडवा २ एप्रिलला होता, म्हणजे मार्च जवळजवळ अख्खा फाल्गुनाचा. त्या महिन्यात देशाचं सरासरी कमाल तापमान ३३.१० अंश नोंदलं गेलं. त्याआधीचा विक्रम २०१० च्या मार्चचा, ३३.०९ अंशांचा. फरक अंशाच्या शंभराव्या भागाएवढाच आहे, हे कबूल. पण गोष्ट मार्चवर संपली नाही. एप्रिलमध्ये वायव्य आणि मध्य भारताने १२२ वर्षांचा उच्चांक गाठला: वायव्येत सरासरी कमाल ३५.९० आणि मध्य भारतात ३७.७८ अंश. २९ एप्रिलला उत्तर प्रदेशातल्या बांद्यात ४७.४ अंश होते. मेच्या मध्यावर पाकिस्तानातल्या जेकबाबादेत पारा ५१ वर गेला.

पाऊसही नव्हता. मार्चमध्ये देशात सरासरी ३०.४ मिलिमीटर पाऊस पडतो, त्या वर्षी ८.९ पडला. म्हणजे ७१ टक्के तूट.

पुढे जे झालं ते एकात एक अडकलेलं होतं. पंखे-कूलर एकदम सुरू झाल्याने २९ एप्रिलला देशाची विजेची मागणी २०७ गिगावॉटवर, म्हणजे तोवरच्या सर्वोच्च पातळीवर गेली. औष्णिक केंद्रांत कोळसा कमी होता. मालगाड्यांना वाट मोकळी मिळावी म्हणून प्रवासी गाड्या रद्द कराव्या लागल्या. दिल्लीत भलस्वाचा कचरा डेपो पेटला आणि कित्येक दिवस धुमसत राहिला. पाकिस्तानच्या हुंझा खोऱ्यात शिस्पर हिमनदीजवळचं तळं फुटलं आणि ७ मे रोजी हसनाबादचा पूल वाहून गेला. भारत आणि पाकिस्तान मिळून किमान ९० मृत्यू त्या वेळी मोजले गेले. उन्हाने गेलेल्या माणसाच्या दाखल्यावर बहुधा हृदयविकार किंवा मूत्रपिंड निकामी असंच लिहिलेलं असतं, त्यामुळे असे आकडे कमीच निघतात.

एवढी उष्णता आली कुठून?

सूर्य तोच आणि मार्चमधली त्याची जागाही तीच. बिघडली ती हवेची चाल.

एरवी फेब्रुवारी-मार्चमध्ये भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात उत्तर भारतात ढग आणि पाऊस आणतात, हिमालयात बर्फ टाकतात. २०२२ च्या मार्चमध्ये ते उत्तर भारतावर जवळपास निष्क्रिय राहिले. त्यांच्या जागी पश्चिम भारतावर प्रत्यावर्त, म्हणजे हवेच्या जास्त दाबाची क्षेत्रं, ठाण मांडून बसले. प्रत्यावर्तात हवा वरून खाली उतरते. खाली येताना ती दाबली जाते आणि दाबली गेली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं नळकांडं गरम होतं, तोच हा प्रकार. उतरती हवा ढगही धरू देत नाही, त्यामुळे दिवसभर ऊन थेट जमिनीवर.

त्यातच जमीन कोरडी. ओल्या जमिनीत उन्हाची बरीचशी ताकद पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. माठातलं पाणी गार का राहतं, तर माठ पाझरतो म्हणून. पाणी संपलेला माठ उन्हात ठेवला तर तो खापरासारखाच तापतो. पाऊस न झालेली जमीन म्हणजे असा कोरडा माठ. ती आज तापते, हवेला तापवते, आणि उद्या आणखी कोरडी होते.

म्हणजे हे सगळं हवेच्या चालीने झालं. मग हवामान बदलाचा संबंध काय?

प्रत्यावर्त पूर्वीही यायचे, कोरडे मार्च पूर्वीही असायचे. फरक इतकाच की तोच प्रत्यावर्त आता मुळातच तापलेल्या जगावर येऊन बसतो.

औद्योगिक काळाच्या आधी हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाख भागांत सुमारे २८० होतं. २०२४ मध्ये ते ४२४ च्या आसपास पोचलं. कोळसा, तेल आणि वायू जाळल्याने यातला बहुतेक भाग आला. जग त्यामुळे २०११ ते २०२० या दशकात १८५० ते १९०० च्या तुलनेत सुमारे १.१ अंशांनी तापलेलं होतं. २०२४ हे एकटं वर्ष तर जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने १.५५ अंशांनी जास्त होतं. भारताची वाढ तुलनेने कमी आहे. भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात ती सुमारे ०.७ अंश होती.

यावर लगेच विचारलं जातं, एका अंशाने काय बिघडतं? त्यासाठी मी शाळेतलं उदाहरण देते. साठ मुलांच्या वर्गात सगळ्यांना पाच-पाच गुण वाढवून दिले, तर वर्गाची सरासरी पाचनेच वाढते. पण नव्वदच्या वर किती मुलं गेली ते मोजा. आधी एखादंच मूल होतं, आता पाच-सहा होतील. सरासरी थोडी सरकली तरी टोकाला असणाऱ्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढते. उष्णतेची लाट ही टोकाचीच घटना आहे, म्हणून सरासरीतला एक अंश तिथे एवढा मोठा होऊन दिसतो.

हे मोजण्याची पद्धतही आहे. संगणकावर दोन जगं उभी करतात. एक आजचं, दुसरं माणसाने धूर सोडलाच नसता तर असतं तसं. दोन्हींत हजारो वर्षांचं हवामान चालवून बघतात आणि मोजतात की तशी लाट किती वेळा आली. जोडीला प्रत्यक्ष नोंदींतला कल तपासतात. २०२२ च्या मार्च-एप्रिलवर "वर्ल्ड वेदर अॅट्रिब्युशन" या गटाने मे महिन्यातच असा अभ्यास मांडला. मुंबई आयआयटीच्या अर्पिता मोंडल आणि दिल्ली आयआयटीचे कृष्णा अच्युतराव त्यात होते. त्यांचा निष्कर्ष असा होता की इतकी व्यापक आणि लांबलेली लाट आजच्या हवामानातही शंभर वर्षांत एकदा अपेक्षित आहे, पण माणसाने केलेल्या तापमानवाढीमुळे तिची शक्यता सुमारे ३० पट झाली आणि ती सुमारे १ अंशाने जास्त गरम झाली.

म्हणून "ही लाट हवामान बदलाने आणली का" या प्रश्नाला हो किंवा नाही असं सरळ उत्तर देता येत नाही. लाट हवेच्या चालीने आली. तिचा वरचा एक अंश आणि तिचं वारंवार येणं आपण केलं.

कुणी ३० पट म्हणतं, कुणी १०० पट. खरं कोणतं?

दोन्ही, कारण दोघांनी वेगळे प्रश्न विचारले होते. ३० पट हा आकडा मार्च-एप्रिलच्या सरासरी कमाल तापमानाचा. ब्रिटनच्या हवामान कार्यालयाने विचारलं होतं की वायव्य भारत आणि पाकिस्तानात एप्रिल-मे २०१० चा विक्रम मोडण्याची शक्यता किती बदलली. उत्तर आलं की माणसाचा हात नसता तर असं ३१२ वर्षांतून एकदा झालं असतं, आता ३.१ वर्षांतून एकदा. ते झाले १०० पट. महिने वेगळे, प्रदेश वेगळा, मोजमाप वेगळं. आकड्यांच्या या फरकाकडे बोट दाखवून "शास्त्रज्ञांचंच एकमत नाही" असं म्हणणाऱ्यांना हा तपशील जरूर सांगा.

मुंबईत १९५६ च्या मार्चमध्येच ४१.७ अंश होते. मग आता नवीन काय?

नोंद खरी आहे. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश होते, आणि तो मार्चचा विक्रम तेव्हाचाच आहे. फेब्रुवारीचा विक्रमही जुनाच: २५ फेब्रुवारी १९६६, ३९.६ अंश.

एका गावचा एक दिवस हा फार चंचल असतो. वारा तासभर उशिरा फिरला तरी तिथे दोन-तीन अंशांचा फरक पडतो. कल बघायचा तर महिनाभराचा आणि मोठ्या प्रदेशाचा बघावा लागतो. सगळा देश मिळून महिन्याची सरासरी काढली की असे योगायोग एकमेकांना खोडून टाकतात, आणि तिथेच विक्रम एकामागून एक मोडताना दिसतात: मार्च २०२२, फेब्रुवारी २०२३, फेब्रुवारी २०२५. आजोबांनी पाहिलेला एखादा भयंकर उन्हाळा खोटा नव्हता. त्यांच्या आयुष्यात तो एखाद्या वेळी आला, नातवंडांच्या आयुष्यात तो वरचेवर येतो आहे.

मुंबई-कोकणात मेपेक्षा मार्चमध्येच पारा जास्त चढतो, असं का?

याचं उत्तर शाळेच्या भूगोलात आहे: खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा जमीन तापली की समुद्रावरून खारे वारे येतात आणि किनारा गार ठेवतात. मेपर्यंत पश्चिमेचे वारे स्थिरावतात, म्हणून तेव्हा मुंबईत घामाच्या धारा लागतात पण पारा ३४-३५ च्या आसपास राहतो. फेब्रुवारी-मार्च हा वारे बदलण्याचा काळ. देशावरून पूर्वेचा कोरडा वारा जोर धरतो आणि खाऱ्या वाऱ्याला दुपारपर्यंत किनाऱ्यावर येऊच देत नाही. हा पूर्वेचा वारा सह्याद्री उतरून येतो. कोरडी हवा शंभर मीटर उतरली की सुमारे एका अंशाने तापते. पुण्याची उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास. तिथून समुद्रसपाटीला येईपर्यंत हवा पाच-साडेपाच अंशांनी गरम झालेली असते. खारा वारा अकराला सुटला तर दिवस निभावतो, तो दोन वाजेपर्यंत अडला तर भट्टी पेटते.

ला निना असताना उन्हाळा सौम्य असायला हवा होता ना?

साधारणपणे हो. प्रशांत महासागर तापलेला असतो त्या एल निनोच्या वर्षांनंतर भारतात उन्हाळा कडक जातो. २०१० चा तसाच होता. २०२२ मध्ये मात्र ला निना चालू होती, म्हणजे प्रशांताचं पाणी नेहमीपेक्षा थंड होतं. तरीही विक्रम झाले. मला त्या वर्षातली ही सगळ्यात अस्वस्थ करणारी बाब वाटते.

हापूस, गहू, कांदा यांचं काय होतं?

गव्हापासून सांगते. दाणा चिकाच्या अवस्थेत असताना त्याला थंडी लागते. त्या दिवसांत पारा ३५ च्या वर गेला की पीक घाईने पिकतं, दाणा भरायला वेळच मिळत नाही आणि तो बारीक, सुरकुतलेला निघतो. २०२२ मध्ये पंजाब-हरियाणात हेच झालं. सरकारचा सुरुवातीचा अंदाज ११.१३ कोटी टनांचा होता, शेवटी हिशेब १०.७७ कोटी टनांवर आला. युक्रेन युद्धामुळे जगाला गहू हवा होता आणि भारत तो पुरवणार अशी चर्चा होती. १३ मे रोजी केंद्राने निर्यातच बंद केली. महाराष्ट्रात गहू लवकर निघतो, तरी उशिरा पेरलेल्याला, म्हणजे ऊस तोडून मग घेतलेल्या गव्हाला, फेब्रुवारीचं ऊन गाठतंच.

हापूसची गोष्ट माझ्या जवळची आहे, कारण माझं आजोळ कोकणातलं आणि तिथे घरची कलमं आहेत. हापूसला मोहोर फुटायला थंडी लागते आणि तो टिकायलाही. फेब्रुवारीत एकदम ऊन चढलं की वाटाण्या-सुपारीएवढी फळं गळतात. जी राहतात त्यांची उन्हाकडची बाजू भाजते, सालीवर डाग पडतो. वाढीच्या शेवटच्या टप्प्यात उष्णता सोसलेल्या फळांत साका होतो. वरून फळ सोन्यासारखं आणि कापलं की आतला गर पांढरट, आंबूस. ग्राहक बागायतदाराला दोष देतो, आणि त्या बिचाऱ्याला ते कापल्याशिवाय दिसतही नाही. काजूचा मोहोरही अशा उन्हाने करपतो.

रब्बी कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि चाळीत जातो. काढणीच्या वेळी आणि चाळीत उष्णता फार वाढली की वजन घटतं. जनावरांचं दूधही कमी होतं, संकरित गाईंचं जास्त. गावठी गाई आणि शेळ्या त्या मानाने तग धरतात.

उत्तर भारतात मेमधलं तापमान तेवढं वाढलेलं दिसत नाही असं वाचलं. खरं आहे का?

बऱ्याच अंशी खरं आहे. राजस्थानात फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश नोंदले गेले, तेव्हाही असाच अभ्यास झाला होता. त्यात हवामान बदलाचा ठसा स्पष्ट सापडला नाही, आणि संशोधकांनी तसं सरळ लिहिलं. दोन कारणं पुढे आली. हवेतले धूळ-धुराचे कण ऊन अडवतात, आणि सिंचनाखालच्या ओल्या जमिनीमुळे दिवसाचा पारा थोडा खाली राहतो. म्हणजे तापमानवाढीचा काही भाग प्रदूषणाच्या पडद्याआड झाकलेला आहे. हवा स्वच्छ व्हायलाच हवी, त्या धुराने लाखो फुप्फुसं खराब होत आहेत. पण पडदा दूर झाल्यावर झाकलेली उष्णताही बाहेर येईल, हे आताच हिशेबात धरायला हवं.

इतर देशांतही उन्हाळा असा आधी येतो का?

हो. स्पेनमध्ये कोर्दोबाला २७ एप्रिल २०२३ रोजी ३८.८ अंश झाले. एप्रिलमध्ये असं कधी झालं नव्हतं, आणि हवामान बदल नसता तर ती लाट जवळजवळ अशक्य होती असं विश्लेषण आलं. जपानमध्ये क्योटोच्या साकुरा बहराच्या नोंदी बाराशे वर्षांच्या आहेत. २०२१ मध्ये पूर्ण बहर २६ मार्चला आला, तोवर कधीच आला नव्हता इतक्या लवकर.

अमेरिकेतल्या मार्च २०१२ ची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे पंधरा हजारांवर स्थानिक उष्णतेचे विक्रम मोडले. संशोधकांनी तपासलं तर त्यातला मोठा वाटा दक्षिणेकडून आलेल्या उबदार वाऱ्यांचा निघाला, तापमानवाढीचा त्या मानाने थोडा. खरं नुकसान तर नंतर झालं. मिशिगनमधल्या सफरचंद आणि चेरीच्या झाडांनी वसंत आला असं समजून फुलं काढली आणि एप्रिलच्या हिवाने ती जाळली. आंब्याच्या मोहोराची काळजी करणाऱ्या आपल्या माणसाला ही व्यथा वेगळी समजवावी लागणार नाही.

उकाड्यात आर्द्रता जास्त असेल तर पारा कमी असूनही त्रास का होतो?

घाम नुसता येऊन उपयोग नाही, तो वाळायला हवा. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. हवेत दमटपणा असला की घाम निथळतो पण वाळत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर भर उन्हात मोठा जाहीर समारंभ झाला. जवळच्या केंद्रावर पारा ३८ च्या आसपास होता. लोक तासन् तास उघड्यावर बसले होते. चौदा माणसं गेली. त्या महिन्यात भारत आणि बांगलादेशात आलेल्या दमट उष्णतेची शक्यता हवामान बदलामुळे किमान ३० पट वाढली होती, असं पुढच्या महिन्यात आलेल्या अभ्यासात दिसलं. पण मैदानावर सावली नसणं हा हवामान बदलाचा दोष नव्हे.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हे खरं का?

विदर्भात आजही अनेकजण ठेवतात. खिशातला कांदा शरीराची उष्णता कमी करू शकत नाही. जेवणात कच्चा कांदा, ताक, पन्हं, कोकम सरबत जरूर घ्या, त्याने पाणी आणि मीठ पोटात जातं. डोक्याला ओला पंचा किंवा रुमाल बांधण्याची रीत मात्र शंभर टक्के उपयोगाची आहे. भीती एवढीच वाटते की खिशातल्या कांद्याच्या भरवशावर माणूस सावलीत बसायचं टाळेल.

ऊन लागलेला माणूस ओळखायचा कसा आणि करायचं काय?

चक्कर, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे, प्रचंड घाम ही पहिली पायरी. सावलीत न्या, कपडे सैल करा, थोडं थोडं मीठ-साखरेचं पाणी द्या. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, ओळखेनासा झाला, झोकांड्या जायला लागल्या, आकडी आली किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात आहे. घाम येत असला तरीही. अंगाचं तापमान तेव्हा ४० अंशांच्या वर असतं आणि मिनिटामिनिटाला मेंदूला इजा होत असते. १०८ ला फोन करा, पण गाडीची वाट बघत बसू नका. मिळेल ते गार पाणी अंगावर ओता आणि जोरात वारा घाला. बर्फ असेल तर मानेला, काखेत आणि जांघेत ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी देऊ नका, या उष्णतेवर ती चालत नाही.

पंख्याविषयी एक सूचना. खोलीचं तापमान ४० च्या वर गेलं की पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. अशा वेळी आधी अंग ओलं करा. पत्र्याच्या घरात दुपारी म्हाताऱ्या माणसांना एकटं सोडू नका.

घराघरात एसी आले की प्रश्न सुटेल ना?

ज्यांना परवडतो त्यांचा काही काळ सुटेल. एसी खोलीतली उष्णता गल्लीत टाकतो, आणि त्याला लागणारी वीज आपल्याकडे अजून बहुतांशी कोळशावर तयार होते. बांधकामावर विटा उचलणारी बाई, पोस्टमन, घरपोच जेवण पोचवणारा मुलगा, कांद्याच्या वाफ्यात वाकलेली मजूर यांच्यासाठी एसी हे उत्तरच नाही. पत्र्याला पांढरा चुना किंवा परावर्तक रंग, दारापुढे झाड, खिडकीला ओला वाळ्याचा पडदा यांनी आत काही अंशांचा फरक पडतो आणि गल्लीही तापत नाही.

पुढे किती वाढेल?

आंतरसरकारी हवामान बदल मंडळाचा हिशेब असा आहे: औद्योगिक काळाआधी दहा वर्षांत एकदा येणारी टोकाची उष्णता, जग १ अंशाने तापल्यावर २.८ वेळा येते, १.५ अंशांवर ४.१ वेळा आणि २ अंशांवर ५.६ वेळा. २०२२ सारखी मार्च-एप्रिलची लाट जग २ अंशांवर पोचलं तर आजच्या तुलनेत २ ते २० पट अधिक संभवते, आणि तेव्हा ती आणखी अर्धा ते दीड अंशाने गरम असेल. किती पुढे जायचं ते किती कोळसा आणि तेल जळतं यावर आहे, आणि त्यात ज्या देशांनी आजवर जास्त जाळलं त्यांचा वाटा मोठा आहे.

सरकारी उष्णता आराखडे असतात का? आपण त्यात काय विचारू शकतो?

असतात. २०१० च्या मेमध्ये अहमदाबादेत नेहमीपेक्षा सुमारे १,३०० मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने देशातला पहिला आराखडा केला. नागपूरनेही २०१६ च्या सुमारास आपला केला. हवामान विभाग पाच दिवस आधीपासून पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देतो, आणि मार्च ते मेचा अंदाज फेब्रुवारीच्या शेवटी येतो.

तुमच्या महापालिकेत, जिल्हा परिषदेत, ग्रामसभेत विचारायचे प्रश्न साधे आहेत. आराखडा कोणत्या तारखेला लागू होतो? तापमान बघून तो आधी लागू करण्याचा अधिकार कुणाला आहे? इशारा आल्यावर रोजगार हमीच्या आणि बांधकामाच्या मजुरांची दुपारची सुटी कोण जाहीर करतं, आणि त्या तासांची मजुरी त्यांना मिळते का? प्राथमिक आरोग्य केंद्रात बर्फ आणि सलाइन १ मार्चला असतं की १ मेला? सकाळची शाळा कोणत्या तारखेपासून, आणि फेब्रुवारीतच पारा चढला तर मुख्याध्यापकांना ती स्वतःहून सुरू करता येते का? पाणपोई कोण लावतं? हे प्रश्न जानेवारीतल्या सभेत मांडायचे असतात, कारण मार्चमध्ये निधी मागितला तर तो मंजूर होईपर्यंत पाऊस पडलेला असतो.